चमत्कार क्रमांक एक

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
नवी रोजनिशी. चष्म्याशिवाय लिहितो आहे, ओळी तिरक्या जातील. चष्मा सापडत नाही. उशाखाली नाही, टेबलावर नाही. बेसिनच्या कडेवर दोनदा पाहिलं, नाही.

६.४५. देवाकडे मागितला. नेहमीप्रमाणे मोठ्याने.

६.५२. सापडला. बेसिनच्या कडेवर. चमत्कारांच्या वहीत नोंद केली. क्रमांक ४१२. लागलेला वेळ सात मिनिटं. शेरा: समाधानकारक.

मोठ्याने मागण्याबद्दल एकदा लिहून ठेवतो. मनातल्या मनात मागणं म्हणजे अर्जावर सही न करणं. माझी खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे, त्यामुळे सकाळी सकाळी आमच्या हिच्याही कानावर चार चांगले शब्द पडतात. हिला या विषयात गती नाही. पलीकडे कांदा चिरत असते.

शनिवारी भाच्याच्या डॉक्युमेंटरीचा पहिला शो. नाव ‘कोणी ऐकतंय का?’. देवावर, श्रद्धेवर प्रश्न विचारणारी आहे, आणि वर विनोदी. भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, कडक नास्तिक. मागच्या वर्षी आमच्या घरी तीन दिवस कॅमेरा लावून बसला होता. प्रार्थना मंडळातले लोक म्हणाले, अशा माणसाला घरात घेतलंच कसं. मी घेतलं, कारण मला आतून सुरुंग लावायचा होता. साडेपाच तास बोललो. वही दाखवली. तो म्हणाला, मामा, दाव्याला पुरावा लागतो. अठ्ठावीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर आहे मी, आणि हा मला पुरावा शिकवतो. तारीख, मागणी, पूर्तता, लागलेला वेळ, शेरा. सव्वीस वर्षांचं रेकॉर्ड आहे. माझं ऐकणारा कोणीतरी आहे, एवढंच मला जगाला दाखवायचं आहे. शनिवारी ते होईल.

५ मार्च, बुधवार
शोनंतर करायच्या भाषणाचा मसुदा तयार. वीस मिनिटं. शेवटी सगळ्यांसमोर भाच्याला माफ करायचं.

प्रार्थना मंडळाचे अध्यक्ष बहिष्कार घालायच्या विचारात होते. मी त्यांना पटवलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस सभासद येणार. दर महिन्याला वहीतले निवडक पुरावे मीच मंडळात वाचून दाखवतो, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन आहे.

ही म्हणते, मी नाही आले तर चालेल का. दोनदा विचारलं. मी म्हटलं, चालणार नाही. मग म्हणाली, तुम्ही ऑफिसला गेल्यावर भाच्याने मलाही दोन-चार गोष्टी विचारल्या होत्या. मी तिला धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, ते कापलं असेल, कांदा चिरणं बघायला तिकीट काढून कोण येतं. ती उठून भांडी लावायला लागली. सुटल्यासारखं वाटलं असावं.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी
विजय.

लायब्ररीचा हॉल गच्च भरला होता. बाराव्या मिनिटाला मी पडद्यावर. वही उघडली तशी लोकांमध्ये आनंदाची लाट. नोंद ८८, बंद गीझर मागितल्यावर दोन दिवसांत आपोआप सुरू: हशा. नोंद १४०, शर्टाचं तुटलेलं बटण सकाळी जागेवर, तेही जुळत्या दोऱ्याने: एवढा हशा की मागच्या रांगेत एक बाई खुर्चीवरून घसरल्या. नास्तिकांना असं हसू फुटतं ते आतला बांध फुटल्यामुळे. हे मला अपेक्षित होतं.

एकतिसाव्या मिनिटाला माझा भाग संपला. पुढचं बघायची गरज नव्हती. बाहेर दाराशी टेबल लावून अभिप्रायाची वही मांडून बसलो. आत एकदम चिडीचूप झालं. मशीन बिघडलं असणार. बऱ्याच वेळाने लोक बाहेर आले ते डोळे पुसत. माझं टेबल ओलांडून सरळ हिच्याकडे गेले. एका म्हाताऱ्या बाईंनी हिचे दोन्ही हात धरून ठेवले. माझ्यासारख्या माणसाबरोबर संसार केल्याबद्दल अभिनंदन असावं. वहीत चार अभिप्राय आले. त्यातला एक: ‘मामा, असंच मोठ्याने मागत राहा.’ तरुण माणसाचं अक्षर आहे. आशा आहे.

भाषण राहिलं. भाचा म्हणाला, हॉलची वेळ संपली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, मामा, तुम्ही पूर्ण बघितलंत ना. मी म्हटलं, आवश्यक तेवढं बघितलं. तो वळून खुर्च्या आवरायला लागला. हरलेल्या माणसाला काय बोलणार.

घरी येताना ही मागेमागे चालत होती. गर्दीने दमली.

१० मार्च, सोमवार
काल फिल्म इंटरनेटवर आली. एका दिवसात चाळीस हजार लोकांनी पाहिली.

ऑफिसमध्ये जागृती. सकाळी ज्युनिअर इन्स्पेक्टर माझ्या टेबलासमोर उभा राहिला, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाला, देवा, एक स्टेपलर दे. शेजारच्या क्लार्कबाईंनी मुकाट्याने स्टेपलर त्याच्या हातात ठेवला. मग अख्खं खातं मागू लागलं. कोणी पंच मशीन, कोणी रजा. मी त्यांना सांगितलं की सुरुवात चांगली आहे, पण डोळे मिटून चालणार नाही, नोंद ठेवली पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. हसू आवरत नव्हतं कोणाला. श्रद्धेचा पहिला आठवडा असाच असतो.

दुपारी बाजारात तपासणी. धान्यवाल्याचा काटा वीस ग्रॅमने खोटा. पावती फाडायला लागलो तर म्हणतो, साहेब, तुम्ही नुसतं मोठ्याने म्हणा, आमच्या घरची मंडळी सकाळपर्यंत काटा सरळ करून ठेवतील. मला नीट कळलं नाही. पावती फाडली.

११ मार्च, मंगळवार
कमेंट वाचल्या. नऊशेच्या वर आहेत. काही उतरवून ठेवतो.

‘मामा म्हणजे सोनं. पण मामी म्हणजे सोनाराचा काटा.’
‘मामींना आठवड्याची सुट्टी द्या रे कोणीतरी.’
‘देव आहे. पार्टिशनच्या पलीकडे आहे.’
‘एकतिसाव्या मिनिटानंतर मी आईला फोन केला.’

तिसरी कमेंट उत्तम. देव आणि आपल्यामध्ये फक्त एक पातळ पडदा आहे, हे मी फिल्ममध्ये कुठे बोललो ते आठवत नाही, पण बोललो असेन. सुट्टीचं काही समजलं नाही. ही नोकरी करत नाही, सुट्टी कशाची. एकूण त्रेसष्ट जणांना सविस्तर उत्तरं दिली. प्रत्येक उत्तराला लोकांनी हसरे चेहरे पाठवले.

हिला कमेंट वाचून दाखवणार होतो. तिला कपडे वाळत घालायचे होते. कोरडे होते, तरी पुन्हा घातले.

१३ मार्च, गुरुवार
अध्यक्षांचा फोन. रविवारी मंडळाची खास सभा. विषय सांगितला नाही. सत्कार असणार. माझी हरकत नाही, फक्त लांबवू नये.

संकल्प: सत्काराला उत्तर देताना भाच्याचाही चांगला उल्लेख करायचा. शेवटी त्याच्यामुळेच हे झालं.

१६ मार्च, रविवार. दुपारी १
सत्कार नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, यापुढे पुरावे वाचायचा कार्यक्रम बंद ठेवू या. मी म्हटलं, का. म्हणाले, लोक हसतात. मी म्हटलं, नास्तिक हसतात. ते म्हणाले, नाही हो, आपलेच हसतात. मी नोंद ८८ चा आधार घेतला. गीझर आपोआप सुरू झाला होता की नाही. तेव्हा खजिनदार खाली मान घालून म्हणाले, तो मीच दुरुस्त करवून घेतला. वहिनींचा फोन आला होता, तुम्ही ऑफिसात असताना माणूस पाठवला.

मी सभागृहात नजर फिरवली. एकही चेहरा चकित नव्हता. माझ्याखेरीज चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघतात तसं. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही फिल्म शेवटपर्यंत पाहिलीत का. हाच प्रश्न भाच्याने विचारला होता.

विश्वासघात. दुसरा शब्द नाही. इतकी वर्षं माझे पुरावे ऐकून हे लोक टाळ्या वाजवत होते.

दुपारी ४
पाहिली. एकतिसाव्या मिनिटापासून.

आमचं स्वयंपाकघर. ही कांदा चिरते आहे. पार्टिशनच्या पलीकडून माझा आवाज येतो. छत्री मागतो आहे. बाहेर ढग आहेत, आठ वाजता निघायचं आहे, देवा, छत्री. आवाज इतका मोठा येत असेल असं मला वाटलं नव्हतं.

ही कॅमेऱ्याकडे बघून एक बोट वर करते, म्हणजे थांब जरा. हात पुसते. कपाटाच्या मागे हात घालून छत्री काढते, झटकते, दाराच्या खुंटीला लावते. परत येऊन सुरी उचलते. मग पलीकडून माझी हाक येते, मिळाली. आणि मी वहीत लिहितो आहे त्याचा खरखर आवाज. नोंद ३९७. शेऱ्यात मी ‘तत्पर’ लिहिलं होतं.

मी ऑफिसला निघून गेल्यावर भाचा विचारतो, मामी, हे किती वर्षं. ही म्हणते, सव्वीस. तो विचारतो, तुझा देवावर विश्वास आहे का. ही म्हणते, मला वेळ कुठे असतो. तो विचारतो, मग मामांना सांगत का नाहीस. ही बराच वेळ चिरत राहते. मग म्हणते, माझ्याकडे मागायला त्यांना लाज वाटते. देवाकडे वाटत नाही. त्यांना मिळाल्याशी कारण.

त्यानंतर फिल्ममध्ये नुसता कांदा चिरल्याचा आवाज येतो. तेव्हाच हॉल चिडीचूप झाला होता. मशीन बिघडलेलं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार
रजा टाकली. हिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. सकाळी ९ पर्यंत पाळलं.

मग वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि एकेका नोंदीची चौकशी सुरू केली. मी क्रमांक वाचायचा, तिने सांगायचं. तिने काही लपवलं नाही, हे लिहायला हवं. बटण तिचं. चष्मे सगळे तिचे, एकंदर एकशे सदतीस. बेसिनच्या कडेवर ठेवायची कारण मी तिथे दोनदा बघून तिसऱ्यांदा जातो. नोंद १५१ मी राखून ठेवली होती. माझी बदली रद्द झाली ती. बदली काही कपाटामागे सापडत नाही. ही म्हणाली, तेव्हाच्या साहेबांच्या बायकोला मी चार महिने विणकाम शिकवलं. वर म्हणाली, हात जड होता हो त्यांचा, एका मोज्याला महिना लागला.

दुपारपर्यंत चारशे अकरा नोंदींवर काट मारली. जन्मभर लोकांचे काटे तपासत हिंडलो. खोटं वजन सापडलं की दुकानदार काय म्हणतो ते पाठ आहे मला: साहेब, माहीत नव्हतं. मी कधी कोणावर विश्वास ठेवला नाही. आज ठेवावासा वाटतो.

राग हिचा आहे. भाच्याचा आहे. त्या खजिनदाराचा तर फार आहे. पण सगळ्यात जास्त कशाचा आहे हे सांगू का? मी रोज सकाळी कोणाशी तरी बोलत होतो. तिथे कोणी नव्हतं. कांदा चिरला जात होता.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ७
मार्ग सापडला.

एक नोंद शिल्लक आहे. क्रमांक १. लग्नाआधीची. हिला पाहून आलो होतो, तिकडून नकार आला होता. मी माझ्या खोलीत, दार लावून, आठ दिवस रोज मागितलं. नवव्या दिवशी होकार. ही तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे, आपल्या वडिलांच्या घरी. तिथपर्यंत कोणाचाही आवाज जात नाही. माझाही नाही.

म्हणजे ही नोंद शंभर टक्के खरी. आणि एक पुरते. आमच्या खात्यात हेच तर आहे. मूळ किलो एकच असतो, तिजोरीत कुलूपबंद. बाजारातली हजार वजनं खोटी निघाली तरी तो किलो किलोच राहतो.

संकल्प: १. भाच्याला रीतसर पत्र, फिल्ममध्ये दुरुस्ती करावी. २. मंडळात पुन्हा भाषण. या वेळी पाच मिनिटं. ३. हिला मोठ्या मनाने माफ करायचं. कारण तीच तर माझा पुरावा आहे.

१९ मार्च, बुधवार
हिला माफ केलं. मग क्रमांक १ सांगितला.

वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, राहू दे ना ते. मी म्हटलं, राहू कसं देऊ. ती म्हणाली, कशाला खोदता. मी हट्टाला पेटलो. माझा स्वभाव आहे, सील फोडल्याशिवाय आतलं पाहता येत नाही. शेवटी तिने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली.

तिने सांगितलं ते असं: माझी आई त्यांच्या घरी गेली होती. तीनदा. पहिल्या दोन वेळा हिच्या वडिलांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या वेळी आई पायरीवर बसून राहिली, त्यांनी आत घेईपर्यंत. आत आल्यावर हिला म्हणाली, पोरी, माझा मुलगा खोलीचं दार लावून रोज तुला मागतो, मोठ्याने. मी बाहेर पोळपाट घेऊन बसलेली असते, मला ऐकवत नाही. तुला पसंत नसेल तर तसं सांग, मी घरी जाऊन त्याला सांगते की देव नाही म्हणाला.

मी विचारलं, म्हणून तू हो म्हणालीस. ही म्हणाली, मी तुमच्या आईला हो म्हणाले. तुम्ही मला तेवढे आवडला नव्हता.

मग म्हणाली, आई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं होतं. दागिन्यांचं वगैरे सांगतील असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, तो मोठ्याने मागतो, लक्ष ठेव.

क्रमांक १ वर काट मारायला पेन घेतलं. आईसुद्धा. माझी आई, जी शेवटपर्यंत म्हणायची की या पोराचं देव ऐकतो बरं का. ती तर घरातली सगळ्यात सरळ बाई होती. आता तिच्याकडे जाऊन भांडताही येत नाही.

काट मारली नाही. रडू आलं. ऑफिसला जायला उशीर झाला.

२० मार्च, गुरुवार
भाच्याचा फोन. म्हणाला, मामा, सॉरी, मला वाटलं होतं तुम्ही हॉलमध्ये बसून बघाल आणि आपण सगळे एकत्र हसू. मी म्हटलं, मी बाहेर टेबल मांडून बसलो होतो. तो म्हणाला, माहीत आहे. ते टेबलसुद्धा शूट झालंय, पण मी ते कुठे वापरणार नाही.

माफ करायचं भाषण खिशातच होतं. वाचलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार
अंतिम निर्णय. हिला सांगून टाकलं की आजपासून काही मागणार नाही. म्हणजे तिच्या कानावर पडेल असं काही मागणार नाही. यापुढे जे मागायचं ते मनातल्या मनात. तिथे पार्टिशन नाही, आई नाही, खजिनदार नाही. कोणी ऐकत असेल तर ऐकेल. ही खरी चाचणी. आधीच असं करायला हवं होतं.

ही म्हणाली, बरं. मग विचारलं, नक्की का. मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, सवय झाली आहे हो. कोणाला, ते सांगितलं नाही.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ६.४०
मनातल्या मनात मागितलं.

७.१०. पुन्हा मागितलं. बेसिनची कडा दोनदा पाहिली.

७.३०. पार्टिशनच्या पलीकडून ही विचारते आहे, काही हवंय का. मी म्हटलं, काही नको.

८.०५. तिसऱ्यांदा मागितलं, सगळी विशेषणं लावून. पलीकडे कांदा चिरायचा आवाज थांबला आहे. ही दोनदा खोकली. मी उत्तर दिलं नाही.

९.१५. ओळी तिरक्या जात असतील. चष्मा अजून सापडलेला नाही.